मिसेस ग्लिकमन यांचा खालचा ओव्हन

अक्षर न् अक्षर खरं सांगतेय. यातलं एक वाक्य जरी खोटं निघालं ना, तर तापलेल्या ट्रेला माझी जीभ चिकटो! माझी नातवंडं म्हणतात, ग्रॅनीच्या गोष्टीत उंदीर शिरला की बाहेर पडेपर्यंत त्याचं अस्वल होतं. म्हणू देत. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात मी होते, ती नव्हती.

तर, व्हर्लिन ओव्हनमध्ये होता.

म्हणजे डोकं, खांदे आणि अर्धं पोट आत. उरलेला माणूस बाहेर, गुडघ्यांखाली जुन्या उशीचा तुकडा. मी शेजारी फरशीवर फतकल मारून टॉर्च धरून बसलेले. आतून आवाज आला, "डेल्फा, मला उजेड हवाय. तू माझ्या कानात टॉर्च मारतेयस."

"कानात उजेड तरी जाऊ दे," मी म्हटलं. "माझं बोलणं पन्नास वर्षं जात नाहीये."

"पकड दे."

पकड दिली. आत बराच वेळ खुडखुड, मग एक लांब सुस्कारा. तो सुस्कारा मला ओळखू यायचा. कामाचा नव्हता तो, वयाचा होता.

व्हर्लिन कटलिप माझा नवरा. आम्ही दोघं वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातले. खाणी बंद पडल्या तेव्हा क्लीव्हलँडला आलो आणि इथलेच झालो. इथे हाइट्स नावाच्या उपनगरांतल्या विटांच्या घरांमध्ये भिंतीतच दोन-दोन ओव्हन बसवलेले असतात, एकाच्या डोक्यावर एक. घरं बांधताना लोकांनी हौसेने बसवून घेतले. पुढे ती मापं बंद झाली. नवा ओव्हन आणावा तर तो तीन इंच जास्त रुंद. मग कपाट कापा, भिंत फोडा, सुताराच्या मागे फिरा. व्हर्लिन म्हणायचा, "एक दात बसवायला जबडा कापायला सांगतात." म्हणून लोक त्याला बोलवायचे. तो चाळीस वर्षांच्या जुन्या ओव्हनला दुसऱ्या मेलेल्या ओव्हनचं काळीज काढून बसवायचा.

काय काय पाहिलंय आम्ही त्या भिंतींमागे! शेकर हाइट्समध्ये एका ओव्हनच्या पाठीमागे उंदरांच्या सात पिढ्या नांदत होत्या. त्यांना हिवाळा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. ओव्हन पुढे ओढला, तर एक म्हातारा उंदीर आमच्याकडे असा बघत राहिला, जसे काही आम्ही भाडं मागायला आलोय. आणखी एका घरी बाई वरच्या ओव्हनमध्ये टोप्या ठेवायची. अठरा वर्षं ठेवल्या. एका रविवारी नवऱ्याने पिझ्झा गरम करायला तो ओव्हन लावला. टोप्या गेल्या. महिन्याभराने नवराही गेला, दुसरीकडे राहायला.

असो. मी सांगतेय ती गोष्ट तेरा-चौदा वर्षांपूर्वीच्या एप्रिलची. व्हर्लिन चौऱ्याहत्तरचा, मी एकाहत्तरची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हापासून व्हॅन मी चालवायची. मुलगी म्हणायची, "ममा, आता पुरे करा ना." आम्हीही म्हणायचो, या उन्हाळ्यात पुरे. मग फोन वाजायचा.

घर होतं मिसेस ग्लिकमन यांचं, टेलर रोडच्या जरा आत. त्या भागात धार्मिक ज्यू लोकांची वस्ती. ती आमची सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं, कारण त्यांना दोन ओव्हन चैनीसाठी नको असतात, गरजेसाठी हवे असतात. एक दुधाच्या पदार्थांचा, एक मांसाचा. दोन्ही एकमेकांना शिवता कामा नयेत. वरची जाळी खाली गेली तर घरात हलकल्लोळ. व्हर्लिन पक्का बाप्टिस्ट ख्रिश्चन, पण वीस वर्षांत त्याने कुणाची जाळी इकडची तिकडे केली नाही.

आणि वसंतात त्यांचा पासोव्हर. आठ दिवस घरात खमिराचा कण नको. ब्रेड नाही, केक नाही, बिस्किटाचा चुरा नाही. बायका तीन-तीन आठवडे घरं घासतात, कोटांचे खिसे उलटे करतात, पुस्तकं झटकतात. आणि आदल्या संध्याकाळपर्यंत टिकलेला ओव्हन नेमका त्याच सकाळी जीव सोडतो. त्या आठवड्यात आमचं हे तेविसावं घर होतं.

मिसेस ग्लिकमन चौऱ्याऐंशीच्या. उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज माझ्या डोक्यावरून जाणारा. त्यांचं सगळं स्वयंपाकघर त्या दिवशी चांदीच्या कागदात गुंडाळलेलं. ओटा, शेल्फं, स्टुलंसुद्धा. वरचा ओव्हन चिकटपट्टी लावून आठ दिवसांसाठी बंद केलेला. खालचा त्यांनी घासून घासून आरशासारखा केला होता. आता तो शेवटचा तासभर पूर्ण आचेवर तापवला की सणाला चालणार होता. तापता तापता सकाळी सातला आतली कॉइल तुटली.

"मिस्टर कटलिप," त्यांनी ओव्हनच्या तोंडाशी वाकून विचारलं, "जिवंत आहे की गेला?"

"कोण मॅडम, मी की ओव्हन?"

"तुमचं उद्या बघू. आज ओव्हन महत्त्वाचा."

"कॉइल आहे माझ्याकडे. दुसऱ्याच जातीची आहे, पण जमवतो."

त्या माझ्याकडे वळल्या. "मिसेस कटलिप, आज संध्याकाळी अकरा माणसं आहेत. सेडरचं जेवण. वर्षातलं सगळ्यात मोठं. माझी सून आहे ना, तोवा, ती चांगली आहे हो. फार चांगली आहे. तोच तर त्रास आहे. म्हणते, मा, तुम्ही आता बसा. या वयात बाई एकदा बसली की तिला कोण उठवतंय?"

"खरंय," मी म्हटलं. मी तर तेव्हाच फरशीवर बसले होते आणि उठायची कल्पनाही करवत नव्हती.

"गेल्या वर्षी मी तिला शब्द दिला. ज्या पासोव्हरला माझा ओव्हन दगा देईल, तेव्हापासून सेडर तुझ्या घरी. मला वाटलं हा माझ्याआधी काही जात नाही. आणि मी शब्द मोडत नाही, म्हणून याने मोडून चालणार नाही. तिच्याकडे जेवण डब्यांतून येतं, मिसेस कटलिप. मांसावर लेबल असतं."

एवढं बोलून त्या मागच्या अंगणात गेल्या. घरात उरलेला शेवटचा ब्रेड त्या सकाळी जाळून टाकायचा असतो. कॉफीच्या रिकाम्या डब्यात त्यांनी जाळ केला होता.

आता ब्रेडचं सांगायला हवं. ओव्हन दुरुस्त झाला की व्हर्लिन साध्या पांढऱ्या ब्रेडचे आठ काप जाळीवर मांडायचा. पाच मिनिटं ठेवायचे, काढायचे आणि त्याच क्रमाने ओट्यावर लावायचे. कुठला गोरा, कुठला काळा, त्यावरून त्याला ओव्हनची नाडी कळायची. "तापमापक एकाच जागेचं सांगतो," तो म्हणायचा, "ब्रेड कोपऱ्याकोपऱ्याचं सांगतो." व्हॅनमध्ये ब्रेडची पिशवी कायमची. पण पासोव्हरच्या दिवसांत या घरांमध्ये ती आत न्यायची नाही, फक्त तापमापक न्यायचा. हा नियम आम्ही वीस वर्षं पाळला. कधी म्हणजे कधी चुकलो नाही.

त्या दिवशी पहाटे सहाला आम्ही लिंडहर्स्टला एका मास्तरीणबाईंकडे जाऊन आलो होतो. त्या ज्यू नव्हत्या. तिथे ब्रेड वापरला आणि पिशवी व्हॅनमधल्या खोक्यात परत जायच्या ऐवजी हत्यारांच्या थैलीत गेली. एवढंच झालं. थकलेल्या माणसाचे हात असेच असतात. डोकं झोपलं तरी ते आपले रोजचं काम करत राहतात.

कॉइल बसली. मेन स्विच तळघरात होता. व्हर्लिनचे गुडघे तसले, म्हणून मी खाली गेले, स्विच वर ढकलला आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आले. तेरा पायऱ्या. वर येईतो नाकाला वास लागला.

टोस्टचा.

तुम्हाला सांगते, जगात त्याहून चांगला वास नाही, आणि त्या दिवशी त्या घरात त्याहून भयंकर वास नव्हता. मागच्या दारात मिसेस ग्लिकमन उभ्या. हाताला राख. ओव्हनच्या काचेतून दिवा दिसत होता आणि दिव्याखाली आठ काप, दोन रांगांत, शाळेतल्या मुलांसारखे.

"हा कसला वास?" त्यांनी विचारलं. त्यांना दिसत होतं, तरी विचारलं.

व्हर्लिन म्हणाला, "मॅडम, हे माझ्या हातून झालं."

दुसरं काही बोलला नाही. थकलो होतो, विसरलो, वय झालं, काही नाही.

मला वाटलं त्या किंचाळतील. त्या स्टुलावर बसल्या. चांदीचा कागद कुरकुरला. मग त्या हळूच हसल्या. 

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "या ओव्हनमध्ये मी दात घासायचा ब्रश घेऊन डोकं घातलं होतं."

व्हर्लिनने कापडात धरून काप बाहेर काढले. ठेवायचे कुठे? ओट्यावर चालणार नाहीत, सिंकमध्ये चालणार नाहीत. तो तसाच कडेवर पोर घेतल्यासारखा उभा. मिसेस ग्लिकमन उठल्या. "चला, डब्यात निखारे आहेत अजून." दोघं अंगणात गेली. आठही काप जळेपर्यंत दोघं डब्याजवळ उभी राहिली. वरून बारीक बर्फ पडत होतं. मी दारातून बघत होते.

मग त्यांनी भिंतीवरचा फोन काढून त्यांच्या रॅबायना, म्हणजे धर्मगुरूंना लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"रॅबाय, ब्रेड... नाही, माझा नाही. ओव्हनवाल्याचा... हो, गरम ओव्हनमध्ये... नाही हो, मुद्दाम कशाला करेल? बाप्टिस्ट आहे, पण चांगला आहे." मग रिसीव्हर व्हर्लिनपुढे धरला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

व्हर्लिनने टोपी काढली. फोनवर बोलायला टोपी काढणारा माणूस! मी रिसीव्हरला कान लावला.

"किती वेळ आत होता ब्रेड?" तिकडून.

"साडेचार मिनिटं, साहेब."

"टोस्ट झाला?"

"झाला. मागच्या डाव्या कोपऱ्यात जरा जास्त."

तिकडून मग, "म्हणजे ओव्हन दुरुस्त झाला म्हणायचा."

"हो साहेब. ओव्हन उत्तम झालाय."

रॅबायही थकलेले होते बिचारे. सकाळपासून अख्ख्या हाइट्सचे फोन घेत होते. त्यांनी सांगितलं ते असं: घासून, तापवून चाललं असतं, पण त्याच्याआधी चोवीस तास ओव्हन रिकामा ठेवायला हवा. चोवीस तास आज कुठून आणणार? मग एकच वाट. त्या ओव्हनला स्वतःहून साफ व्हायची सोय आहे का? त्या आचेत काही उरत नाही, ती आच चालेल.

सोय होती. पण त्या खटक्यावर व्हर्लिनने स्वतःच्या हाताने काळी पट्टी चिकटवून वर पांढऱ्या शाईने 'हात लावू नका' असं लिहून ठेवलं होतं. बारा वर्षांपूर्वी.

"मॅडम," तो म्हणाला, "खरं सांगतो. ती सफाई म्हणजे साध्या भाजण्याच्या दुप्पट आच, चार तास. दार आपोआप बंद होऊन कुलूप पडतं. छत्तीस वर्षांच्या ओव्हनला हे म्हणजे माझ्यासारख्याला मॅरेथॉन. वायरी मागून वरपर्यंत गेल्यात, त्या ठिसूळ झाल्यात. फ्यूज उडाला तर तो फ्यूज जगात कुणी बनवत नाही. वाचेल असं मी सांगू शकत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर तो वाचेल. पण तुमच्या उपयोगाचा नाही."

तेवढ्यात फोन वाजला. सून. ती काय म्हणाली ते मला आपलं त्यांच्या उत्तरांवरून कळलं. "नाही तोवा... हो, कळलं तुला? इतक्यात?... रॅबायची बायको बोलली का... नाही बाळा, तू टेबल मांडू नकोस. मांडायचंच असेल तर चार वाजता मांड."

फोन ठेवला आणि व्हर्लिनला म्हणाल्या, "काढा ती पट्टी."

सव्वादहाला खटका सरकवला. दाराचं कुलूप आतून 'खट' करून बसलं.

तुम्ही कधी चार तास एखाद्या ओव्हनजवळ बसला आहात? आजाऱ्याजवळ बसावं तसं असतं ते. व्हर्लिनने ओव्हनच्या तळाची पत्र्याची पट्टी काढून हवेला वाट करून दिली, व्हॅनमधला पंखा आणून वरच्या बटणांवर झोत सोडला आणि बादली उपडी घालून बसला. कपाटाच्या लाकडावर तळहात टेकलेला. दर दहा मिनिटांनी हात उचलायचा, पुन्हा टेकायचा. लाकूड चटका द्यायला लागलं की पंखा वळवायचा. खिडक्या सताड उघड्या, बाहेर बर्फ, आत भट्टी. माझी पाठ गारठलेली आणि नाक भाजलेलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या आचेने समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप मे महिन्यावर गेलं.

मिसेस ग्लिकमन सलाडाच्या पानांतून किडे शोधत होत्या, एकेक पान उजेडात धरून.

"ओव्हनचा हा पिवळा रंग माझ्या नवऱ्याने, अर्व्हिनने घेतला," त्या म्हणाल्या. "मला पांढरा हवा होता. तीस वर्षं भांडले मी त्याच्याशी या पिवळ्यावरून. तो गेल्यावर मुलगा म्हणाला, मम्मा, आता बदल. मी म्हटलं, आता कुणाशी भांडू?"

"पिवळा मळत नाही," व्हर्लिन म्हणाला.

"अर्व्हिनही हेच म्हणायचा. तुम्ही पुरुष सगळे एकाच दुकानातून येता का?"

व्हर्लिन हसला. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी थकलोय, मॅडम." असं तो मलासुद्धा कधी म्हणाला नव्हता.

"मीही," त्या म्हणाल्या. "पण बसणार कुठे? बसायच्या प्रत्येक जागेवर कागद कुरकुरतो."

दुपारी त्यांनी आम्हाला कागदाच्या ताटलीत उकडलेले बटाटे आणि अंडी दिली, मीठ लावून. त्या दिवशी त्यांनाही दुसरं फारसं काही खाता येत नव्हतं. आमच्या डब्यात हॅमचे सँडविच होते, व्हॅनमध्येच राहिले. उकडलेला बटाटा इतका गोड लागू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

सव्वादोनला सफाई संपली. दिवा विझला. फ्यूज शाबूत. व्हर्लिनने डोळे मिटून घेतले, प्रार्थना केली की झोप लागली देव जाणे.

तीन वाजेतो ओव्हन निवला. पण कुलूप सुटेना.

खटका इकडे, खटका तिकडे. आतली कळ त्या आचेत अडकली होती. काचेतून दिसत होतं, आत चिमूटभर करडी राख, बाकी लख्ख. आणि दार बंद.

"कळ वरून मागच्या बाजूने सुटते," व्हर्लिन म्हणाला. "बाहेर ओढावा लागेल."

"दोन्ही?" मी विचारलं.

"एकाच पेटीत आहेत, डेल्फा. एकट्या खालच्याला ये म्हटलं तर येणार आहे का?"

तीन माणसांचं वजन होतं त्या पेटीचं. मी म्हटलं, कुणालातरी बोलावू. मिसेस ग्लिकमन म्हणाल्या, आज या गल्लीतला प्रत्येक पुरुष एकतर कुठल्यातरी बाईच्या हुकमात आहे, नाहीतर सणाच्या आंघोळीला गेलाय. थांबलो असतो तर कुणीतरी आलं असतं. पण मांसाला साडेतीन तास लागतात, आणि सूर्य काही त्या दिवशी आमच्यासाठी थांबणार नव्हता.

व्हर्लिनने स्क्रू काढले. पेटी टेकायला व्हॅनमधली लाकडी घोडी पुढे लावली, पेटीखाली साबण चोळला आणि दोन्ही हातांनी पेटी धरून मागे झुकला. इंच. अजून इंच. मी बाजूने रेटत होते. फूटभर बाहेर आली तेव्हा एक आवाज झाला. कोरडी काटकी मोडावी तसा. मला वाटलं, घोडी मोडली.

घोडी धड होती.

"काय रे?"

"काही नाही. टॉर्च दाखव."

त्याने फटीतून हात आत घातला, वाकवलेली तार घेऊन, गाल त्या पिवळ्या पत्र्याला टेकवून. खट. दार उघडलं.

मिसेस ग्लिकमननी ओल्या फडक्याने राख टिपली. एकदाच. फडकं उलटं करून पाहिलं आणि मान डोलावली. तोवर आम्ही पेटी आत ढकलली. व्हर्लिनने तापमापक लावला, मागच्या डाव्या कोपऱ्यात ती कॉइल एक केसभर वाकवली. चारला पाच मिनिटं कमी असताना मांसाचा ट्रे आत गेला. कांदे, गाजरं, लसूण आणि माझ्या पायापेक्षा मोठा मांसाचा तुकडा. त्यांनी फोन फिरवला. "तोवा? इकडे या सगळे. आणि येताना तुझं ते टेबल आवरून ये."

खालचे चार स्क्रू व्हर्लिनने गुडघ्यांवर बसून आवळले. चौथा झाला, आणि तो तिथेच राहिला.

"व्हर्लिन, ऊठ."

"उठतोय."

पण उठला नाही. कपाळावर घामाचे थेंब होते. मी एका बाजूने धरलं, पण माझ्याने काय होतंय? तेव्हा मिसेस ग्लिकमन पुढे आल्या. वीस वर्षांत त्यांनी व्हर्लिनशी हातसुद्धा मिळवला नव्हता. त्यांच्यात परपुरुषाला शिवत नाहीत. त्यांनी त्याच्या दुसऱ्या बगलेत हात घातला. "तीन म्हटलं की," त्या म्हणाल्या, आणि तीन म्हटलं. दोन म्हाताऱ्यांनी मिळून त्या सहाफुटी माणसाला उभं केलं.

"सण सुखाचा जावो, मॅडम," व्हर्लिन म्हणाला. भिंतीला धरत धरत व्हॅनपर्यंत गेला.

त्यानंतर त्याने कुठलाही ओव्हन उचलला नाही. पाठीचा मणका सरकला होता. आम्ही ज्या उन्हाळ्यात 'पुरे' म्हणणार होतो, तो उन्हाळा त्याने दिवाणखान्यातल्या जमिनीवर उताणं पडून काढला. छातीवर फोन. लोक विचारायचे, तो सांगायचा, "टायमरचं बटण चुकून हात लागून फिरलंय का बघा... हं, तेच. काही बिघडलेलं नाही." कुणाचा ओव्हन असा सुटला की खूश व्हायचा. पण पूर्वीसारखा नाही.

सण संपल्यावर मिसेस ग्लिकमन यांचा फोन आला. "आठही दिवस चालला, मिसेस कटलिप. त्यांना सांगा, माझ्या घरात पासोव्हरला ब्रेड भाजणारे तेच पहिले आणि तेच शेवटचे." व्हर्लिन शेजारीच जमिनीवर होता. मी म्हटलं, झोपलेत, उठल्यावर सांगते. त्या ओव्हनने आणखी तीन सेडर काढले. चौथ्या वर्षी दगा ओव्हनने दिला नाही.

हाइट्समध्ये ही गोष्ट पसरली. पासोव्हरच्या सकाळी ब्रेड घेऊन येणारा कटलिप! दरवर्षी वसंतात बायका एकमेकींना सांगायच्या, कटलिपला बोलावतेस? आधी खिसे तपास त्याचे. व्हर्लिनही हसायचा. त्याच्या दफनाला तोवा आली होती, डोक्याला रुमाल बांधून. तिने तिथेही ती गोष्ट सांगितली, आमच्या पाद्रीसाहेबांना, आणि सगळे डोळे पुसत पुसत हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने.

आता तुम्ही माझी जीभ बघताय ना? बरं. कॅलेंडर मे महिन्यावर गेलं नव्हतं, हे तुम्हाला कळलंच असेल. ते मी मोजत नाही. उंदीर खरे. टोप्या खऱ्या. फक्त एक गोष्ट मी रचली.

तळघरात मी गेले नव्हते. मला कोळ्यांची भीती वाटते म्हणून तो गेला, तसले गुडघे घेऊन. "तापमापक तेवढा लाव," मला सांगून गेला. मी हो म्हटलं. तो धापा टाकत वर आला तेव्हा मागच्या दारात मिसेस ग्लिकमन होत्या आणि ओव्हनपाशी मी, हातात ब्रेडची रिकामी पिशवी. त्याने माझ्याकडे पाहिलं. पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, तिची नीट चौकोनी घडी केली, आपल्या खिशात ठेवली, आणि मग त्यांच्याकडे वळला.